पुणं पकडणारे गावंडेकाका

प्रिय अद्वैत आणि सई,

माझ्या लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडून आता बरेच दिवस झाले. दुरुस्तीवाला म्हणाला, आतला वायरलेसचा भाग गेलाय, बाहेरून एक अ‍ॅडॉप्टर लावा. तुम्ही दोघांनी प्रेमाने तीन अ‍ॅडॉप्टरांची चित्रं पाठवलीत आणि वर लिहिलंत, "आजी, तुला आवडेल तो सांग, आम्ही मागवतो." सगळा घोटाळा तिथून सुरू झाला. एक आहे नखाएवढा. एकाला शेपटी आहे. तिसऱ्याला सशासारखे दोन कान आहेत. मी पडले शिस्तीची बाई. सगळी माहिती वाचून काढली, वापरणाऱ्यांचे अभिप्रायही वाचले. नखाएवढ्याबद्दल एकजण म्हणतो, याच्यासारखा दुसरा नाही. त्याच्या खालचा म्हणतो, मध्ये भिंत आली की याचा प्राण जातो. कानवाल्याचे कान कुणी उभे ठेवायला सांगतं, कुणी आडवे. एम.ए.ला माझं इंग्रजी होतं, त्याचा इथे काडीचा उपयोग झाला नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ कळतो आणि वाक्याचा लागत नाही.

परवा सकाळी चहा घेताना मी स्वतःशीच मोठ्याने म्हणाले, "शेपटीवाला. आता फायनल." आणि दचकले. कारण हा शब्द माझा नाही, गावंडेकाकांचा आहे. साठ सालानंतर, तुमचे बाबा रांगत होते तेव्हा, ते नागपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. त्यांना ओळखणारी माणसं आता फार उरली नाहीत, म्हणून म्हटलं तुम्हाला लिहून ठेवावं. अ‍ॅडॉप्टर तुम्हीच निवडा. जो येईल तो मी लावीन.

तर, गावंडेकाका रोज सकाळी लोखंडाच्या नळीला पाणी घालत.

मी लग्न होऊन पुण्याहून नागपूरला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे दृश्य पाहिलं. अंगणात तुळस, तिच्याशेजारी जमिनीत अर्धी गाडलेली एक गंजकी नळी, आणि बंडी-धोतरातले एक उंच, वाकलेले गृहस्थ. आधी तुळशीला तांब्याभर पाणी घातलं, मग नळीला बादलीभर. मला वाटलं, इकडे काहीतरी कुळाचार असेल. मी भिंतीआडून आदराने नमस्कारसुद्धा केला.

"नमस्कार नका करू, बाई," ते म्हणाले. "देव नाही तो. अर्थ आहे."

अर्थ म्हणजे रेडिओचा. त्या काळच्या रेडिओला दोन तारा लागत. एक उंच बांधायची, ती हवेतला आवाज पकडायची. तिला एरियल म्हणत. दुसरी जमिनीत जायची, ती अर्थची, म्हणजे अर्थिंगची. जमीन ओली असली की आवाज स्वच्छ येतो, असं कुणीतरी काकांना सांगितलं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात नळाला जेमतेम तासभर पाणी यायचं. दाराला लावलेल्या वाळ्याच्या ताट्या भिजवायलाही ते पुरत नसे. पण काकांच्या नळीची बादली कधी चुकली नाही.

काका सर्व्हेच्या कचेरीत नकाशे काढत. कचेरीत त्यांची रेघ केसाएवढी हलत नसे म्हणे. घरी मात्र त्यांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत होत नसे, म्हणजे त्यांचं स्वतःशीच. नरखेडकडे त्यांच्या भावाची संत्र्यांची बाग होती. मृग बहाराची संत्री आली की एसटीच्या टपावरून पोतं यायचं. आम्हाला द्यायची म्हणून काका चार संत्री घेऊन निघायचे, फाटकापर्यंत येऊन दोन बदलायला परत जायचे, मग पुन्हा येऊन म्हणायचे, "ही घ्या, बाई. आता फायनल." आम्ही सोलेपर्यंत पुन्हा हजर. "थांबा, थांबा. त्यातलं एक आंबट असन. बदलून देतो."

आमच्याकडे तेव्हा रेडिओ नव्हता. घरांच्या सगळ्या ओळीत काकांचाच एक, तोही जुना, सुरू केल्यावर तापायला वेळ घेणारा. त्यावर नागपूर केंद्र छान लागायचं. बाकी सगळी खरखर.

एका चैत्रात काकांना सुमनचं पत्र आलं. सुमन त्यांची एकुलती मुलगी. पुण्याच्या एका इस्पितळात नर्स होती. नर्सिंग शिकायला ती गेली, त्याच वर्षी विषमज्वराने गावंडेकाकूंचे कान गेले. अगदी ठार बहिऱ्या नव्हत्या त्या. पण कानाशी मोठ्याने बोलावं लागे. तर सुमनने लिहिलं होतं की वैशाखातल्या अमुक गुरुवारी दुपारी बारा वाजता पुणे केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात तिचं भाषण आहे, आईला ऐकवा.

काका पत्र घेऊन थेट माझ्याकडे आले.

"बाई, तुमी पुण्याच्या ना?"

"हो."

"मग पुणं कोण्या अंगाले आहे?"

मी अंदाजाने शेवग्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. काकांनी झाडाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे पाहा बाई, माह्या बायकोनं पोरीचा आवाज धड ऐकला नाही, किती वर्सं झाले. पोरगी घरी येते, आईच्या कानाशी ओरडते. ते ओरडणं झालं. आवाज नाही. रेडिओले कान लावला, अन् खरखर नसली, तर तिले ऐकू येते. भजन येते ना सकाळचं! पण खरखर असली की नुसती खरखरच. म्हणून मले साफ पुणं पायजे. एकदम साफ."

एवढीच गोष्ट होती, मुलांनो. काकूंना सुमनचा आवाज ऐकवायचा. त्यासाठी एक एरियल निवडायची. हातात महिना होता.

सीताबर्डीवरच्या रेडिओवाल्याकडे तीन प्रकारच्या एरियली होत्या. एक तांब्याच्या जाळीची पट्टी, खोलीतल्या खोलीत भिंतीला बांधायची. दुसरी लांब तार, अंगणात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये ताणायची, टोकांना चिनी मातीच्या पांढऱ्या गोट्या. तिसरी कौलांवर उभी करायची सळई. काकांनी विचारलं, यातली चांगली कोणती? रेडिओवाला म्हणाला, "काका, सब हवा का खेल है." त्यांनी विचारलं, पुणं कशाने येईल? तो म्हणाला, "आएगा तो किसी से भी आएगा." काका तिन्हींची इंग्रजी माहितीपत्रकं घेऊन माझ्याकडे आले. "तुमी इंग्लिशवाल्या. वाचून सांगा."

मी वाचलं. प्रत्येक पत्रकात लिहिलं होतं की हीच एरियल सर्वोत्तम. एकात असंही होतं की तार केंद्राच्या दिशेशी काटकोनात हवी. दुसऱ्यात त्याच्या उलट काहीतरी होतं, पण ते वाक्य इतकं लांब होतं की शेवटाला पोचेपर्यंत मी सुरुवात विसरायची.

"म्हणजे काय समजाचं?" काका म्हणाले.

"काका, मलाही समजलं नाही."

"वा!" ते खुश होऊन म्हणाले. "मले वाटलं, मीच एकटा."

तुमच्या आजोबांना मात्र सगळं समजलेलं असे. ते ऑफिसातून येताना भिंतीवरून सांगत, "काका, तार म्हणजे तार. बाकी सगळी खेळणी."

"तसं नाही ना गा, भाऊ. जाळीवर वीज पडत नाही."

"मग जाळी घ्या."

"पण जाळी घरात. पुणं बाहेर."

"मग सळई घ्या!"

"सळईवर कावळे बसतेत."

आधी जाळी आली. "आता फायनल," म्हणून काकांनी ती भिंतीवर बांधली, मग दुसऱ्या भिंतीवर, मग पलंगाखाली. पुणं आलं नाही. मग तार आली. काकांनी कचेरीतल्या नकाशावर पट्टी ठेवून नागपूर ते पुणे रेघ मारली, तिच्यावर काटकोन काढला, आणि घरी येऊन सांगितलं की शास्त्राप्रमाणे दुसरा बांबू आमच्या अंगणात, शेवग्याच्या बुंध्याशी येतो. आम्ही हो म्हटलं. माझ्या सासूबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळ केली, अंगणात आयती ताणलेली नवी कोरी तार पाहिली, आणि तिच्यावर आपलं नऊवारी झटकून पसरलं.

काका पलीकडून धावत आले. सासूबाई वयाने मोठ्या, त्यांना काही बोलता येईना. ते लुगड्याखाली उभे राहून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "बाई, पुणं ओलं झालं."

मी हसू दाबलं. सासूबाईंना वाटलं, काका त्यांच्या माहेराबद्दल काही बोलतायत. त्या सातारच्या, आणि नागपूरकरांना पुणं-सातारा सगळं एकच.

तारेनेही पुणं आलं नाही. काका रेडिओशी बसून काटा केसाएवढा फिरवत. शिट्टी यायची, कुठलं तरी हिंदी गाणं यायचं, समुद्रासारखा आवाज यायचा, आणि मध्येच आपलं नागपूर, पाहुण्यांच्या मध्ये घुसणाऱ्या घरच्या पोरासारखं. एका संध्याकाळी उशिरा मात्र मराठी बातम्यांचा एक तुकडा लागला आणि त्यात पुण्याचं नाव आलं. काका धावत बाहेर आले आणि सगळ्या ओळीला ऐकू जाईल असे ओरडले, "आलं! पुणं आलं!" आम्ही पोचेपर्यंत गेलं होतं. पण त्या संध्याकाळी काकांनी तुळशीशेजारच्या नळीला दुसऱ्यांदा पाणी घातलं आणि काकूंच्या कानाशी वाकून म्हणाले, "येते वं! सुमन येते!"

काकूंनी विचारलं, "कोणत्या गाडीनं?"

वैशाख लागला. गुरुवार जवळ आला. आता सळईही येऊन पडली. काकांची झोप गेली. सकाळी जाळी, दुपारी तार, संध्याकाळी सळई. प्रत्येक वेळी "फायनल". कचेरीतून रजा घेतली. मी म्हटलं, "काका, तिन्हींनी सारखीच खरखर येते. कोणतीही एक ठेवा ना."

"तसं नाही, बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. "एक ठेवली अन् ते चुकीची निघाली तर? भाषण एकदाच आहे. पुन्हा नाही होत."

पुढे तुमचे बाबा इंजिनियरिंगला गेले, तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं, की तशा रेडिओवर इतक्या लांबचं केंद्र संध्याकाळनंतर कधीमधी लागे, भर दुपारी जवळजवळ नाहीच. तार असो, जाळी असो, सळई असो. ऊन चढलं की पुणं नागपूरला पोचतच नाही. म्हणजे काका तिन्हींमधून निवडत होते आणि तिन्हींपैकी कशाच्याच हातात ते नव्हतं. का पोचत नाही तेही त्यांनी सांगितलं होतं. ते मला अजून समजलेलं नाही.

गुरुवारी आम्ही साडेअकरालाच गेलो, मी आणि तुमचे आजोबा. दारं बंद, ताट्या भिजवलेल्या, खोलीत वाळ्याचा वास. काकूंनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं, केसांत मोगरा. रेडिओसमोर पाटावर त्या अशा बसल्या होत्या, जणू समोरून कुणीतरी येऊन त्यांच्या पाया पडणार आहे. आणि काकांनी तिन्ही एरियली एकदम जोडल्या होत्या. तिन्ही तारांच्या टोकांची वेणी घालून ती रेडिओच्या पाठीत खुपसली होती.

"एकही सोडली नाही," ते आम्हाला म्हणाले. घामाने भिजले होते. "आता याच्यापुढं काही नाही. फायनल."

बारा वाजले. काकांनी काटा फिरवला. रेडिओतून कढई तापल्यासारखा आवाज आला, मग घूं घूं, मग खरखर. काकूंनी कान रेडिओच्या तोंडावरच्या कापडाला लावला आणि एक हात रेडिओच्या लाकडी पेटीवर ठेवला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी काटा थोडा इकडे नेला, थोडा तिकडे. आणि त्या खरखरीतून एक आवाज वर आला. अगदी ओळखीचा. आपल्याच नागपूर केंद्रावरून एक भारदस्त गृहस्थ कापसावरच्या किडीची माहिती सांगत होते.

काकांनी पुन्हा काटा फिरवला. कीड गेली, खरखर आली. पुन्हा फिरवला. कीड परत आली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. काकू पाटावर तशाच, तोंड किंचित उघडं, डोळे काकांवर. काकांचा हात बटणावरून निघाला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

मग ते खाली बसले. काकूंच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्याने म्हणाले, "आली वं! सुमन बोलून राहिली!"

रेडिओतले गृहस्थ म्हणाले, की बोंडं पोखरलेली दिसताच ती वेचून नष्ट करावीत.

"सुमन म्हणते," काका ओरडले, "का माह्या भगिनींनो, उन्हाळ्यात पोरांले हगवण लागते. तवा पाणी उकळून द्या!"

काकूंनी मान डोलावली.

गृहस्थ फवारणीकडे वळले.

"म्हणते, का मुगाचं पाणी द्या. थोडं थोडं द्या. एकदम नका देऊ. पोरगं रडलं तं रडू द्या, पण पाणी पाजा. हे मले माह्या आईनं शिकवलं, म्हणते!"

"माहं नाव घेतलं?" काकूंनी विचारलं.

"घेतलं ना! पुऱ्या पुण्याच्या समोर घेतलं. म्हणते, माही आई नरखेडची. तिच्यासारखा हात कोणाचा नाही. मी लहानपणी तापानं फणफणली होती, तवा ते तीन रात्री बसून होती, म्हणते..."

तुमचे आजोबा सत्यप्रिय माणूस. त्यांनी तोंड उघडलं, "अहो काका, हे तर कापसाचं..." मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात. पुढचा आठवडाभर ते लंगडत होते असं त्यांचं म्हणणं.

काका थांबले नाहीत. ज्या माणसाला चार संत्री निवडता येत नव्हती, त्याला शब्दांचा विचार करावा लागत नव्हता. सुमनचं लहानपण सांगितलं, तिने शाळेत मिळवलेलं बक्षीस सांगितलं, तिने पुण्याच्या बायकांना दिलेला सल्ला सांगितला. घसा बसला तरी बोलत राहिले. किडीचं भाषण संपलं, सनई लागली, तेव्हा म्हणाले, "संपलं. आता गाणं आहे." आणि रेडिओ बंद केला.

काकूंनी पदराने डोळे पुसले. "चांगली बोलली पोरगी," त्या म्हणाल्या. मग उठून आम्हाला कैरीचं पन्हं दिलं.

दिवाळीला सुमन घरी आली. मी फराळाचं ताट घेऊन गेले होते. तिने आईच्या कानाशी वाकून विचारलं, "आई, ऐकलंस का गं माझं भाषण?" पुण्यात राहून तिची बोली माझ्यासारखी झाली होती.

"ऐकलं ना वं. सबन ऐकलं."

"काय बोलले मी?"

काका दारात उभे होते. ते एकाएकी छतातल्या कौलांचं निरीक्षण करू लागले. काकूंनी सगळं सांगितलं, उकळलेलं पाणी, मुगाचं पाणी, पुण्यासमोर घेतलेलं आईचं नाव, तीन रात्रींचा ताप. सुमन ऐकत राहिली. तिचं भाषण बाळंतिणीच्या काळजीवर होतं, हे तिने मला नंतर सांगितलं. तिने वळून बापाकडे पाहिलं. काकांनी कौलं सोडली नाहीत.

"हो, आई," सुमन म्हणाली. "अगदी तेच."

मी ताट रिकामं करून घ्यायला काकूंमागे स्वयंपाकघरात गेले. काकू चकल्या डब्यात भरत होत्या. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "बाई, तुमी त्या दिवशी भाऊच्या पायावर पाय दिला, मी पाह्यलं."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"माहा हात पेटीवर होता. बाईचा आवाज हाताले बारीक लागते, मुंगी चालल्यावानी. बाप्याचा जाड लागते. पहिल्याच बोलाले समजलं मले, हे सुमन नाही."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काहून बोलू?" काकू म्हणाल्या. "कान गेले तवापासून या घरात मले चार शब्द भेटतेत. जेव. ऊठ. पाणी. दार लाव. ओरडून कोण गोष्टी सांगते, अन् लोक काय म्हणतीन. त्या दिवशी पाऊण घंटा माह्या कानाशी बसून बोलला तो माणूस. किती वर्सानं बोलला, बाई. कापसाचं तं कापसाचं." मग डब्याचं झाकण लावलं. "त्याले नका सांगजा. त्याले वाटू द्या, का मी फसली."

मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून काकांना काय झालं कोण जाणे, रोज दुपारी कचेरीतून जेवायला आले की ते काकूंच्या कानाशी बसून मोठ्याने बोलू लागले. कचेरीत कुणाची बदली झाली, बाजारात भेंडी कशी मिळाली, साहेब कुणावर ओरडला. सगळ्या ओळीला ऐकू यायचं. आम्हाला सर्व्हेच्या कचेरीतली बित्तंबातमी असे. कुणी हसलं नाही. माझ्या सासूबाई तर साहेबाचं पुढे काय झालं म्हणून भिंतीशी येऊन उभ्या राहत.

काका आधी गेले, त्यांच्यामागून दोन पावसाळ्यांनी काकू. ती घरं पाडून तिथे आता चार मजली इमारत उभी आहे.

सुमन आहे. नागपूरजवळ बेस्याला लेकीकडे राहते. तिलाही आता कमी ऐकू येतं. मी महिन्यातून एकदा जाते, तिच्या कानाशी बसते, आणि आम्ही जेवणाची वेळ होईपर्यंत बोलतो.

तुमची,
आजी